नवऱ्याकडे लायसनची बंदूक आहे: ती काढून घ्यायला अर्ज कुठे, कोणत्या क्रमाने आणि कशा शब्दांत करायचा

"ताई, केस तर केली. मग बंदूक अजून त्याच्याच कपाटात कशी?"

अर्ज लिहून द्यायच्या कामात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता उत्तर लिहूनच ठेवते. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कोर्टात असतो. बंदुकीच्या परवान्याची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात असते. या दोन इमारतींमध्ये कागद आपोआप जात नाही, तो आपल्याला न्यावा लागतो. शिवाय कोर्टातल्या अर्जात 'बंदूक' हा शब्दच नसेल, तर न्यायाधीश स्वतःहून तो घालत नाहीत.

मोबाइलवर अमेरिकेच्या बातम्या वाचून काहींचा गैरसमज होतो. तिथे जोडीदाराविरुद्ध ठरावीक प्रकारचा संरक्षण आदेश लागू असेल, तर त्या माणसाने बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं. आपल्याकडे संरक्षण आदेशाने बंदूक आपोआप जात नाही. ती काढून घ्यायचे रस्ते मात्र कायद्यात आहेत, आणि एक नव्हे, चार. ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेत आणि त्यांचा क्रम चुकला की महिने जातात. कधी जीवही जातो.

## टप्पा १: आधी जागा बदला, मग अर्ज द्या

परवान्याविरुद्ध अर्ज दिला की परवानाधारकाला नोटीस निघते. त्या नोटिशीत तक्रार कोणाची हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. म्हणजे त्याच्या हाती एकाच वेळी दोन गोष्टी असतात, तुमचं नाव आणि बंदूक. सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत वाईट काळ हाच. नोटीस पोचायच्या दिवशी तुम्ही आणि मुलं त्या घरात असताच कामा नये.

माहेरी गेलात तरी अर्जाला अडचण येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज तुम्ही सध्या, तात्पुरत्या का होईना, जिथे राहता तिथल्या कोर्टात करता येतो (कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, कलम २७). सासर गेवराईचं आणि माहेर जिंतूरचं असेल तर जिंतूरच्या कोर्टात चालतं. पण माहेरचा पत्ता त्याला तोंडपाठ असतो हे विसरू नका. धमकी ताजी असेल तर पहिले काही दिवस जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहणं बरं. १८१ ही महिला हेल्पलाइन तिथे जोडून देते. जिवावरचा प्रसंग असेल तर सरळ ११२.

निघताना सोबत घ्यायचं: आधार, लग्नाचा पुरावा (दाखला नसेल तर पत्रिका, फोटो), मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद. आणि जमलं तर परवान्याच्या पुस्तकाचा फोटो. फोटोच, पुस्तक नाही.

सावधान: बंदूक स्वतः उचलून ठाण्यात नेऊ नका. माहेरी आणू नका, विहिरीत टाकू नका, भावाच्या गाडीत लपवू नका. तुमच्या नावावर परवाना नाही, त्यामुळे ती तुमच्या हातात सापडली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. काडतुसांनाही हेच लागू. त्याचा वकील अशाच चुकीची वाट पाहत असतो.

## टप्पा २: हत्यार नेमकं कोणतं आणि कोणाच्या नावावर

'त्याच्याकडे पिस्तूल आहे' एवढ्यावर कोणताही कारकून फाइल शोधत नाही. पुढचा रस्ता हत्यारावर ठरतो, म्हणून हे आधी शोधा.

परवाना त्याच्याच नावावर असेल तर पुस्तकावर परवाना क्रमांक, यूआयएन (देशभरातल्या नोंदीचा एकमेव क्रमांक), शस्त्राचा प्रकार, बोअर, शस्त्रावरचा नंबर आणि मुदत असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. म्हणून 'दुसरी आहे का?' हे विचाराच. कपाटातल्या रिव्हॉल्वरबद्दल सगळे बोलतात आणि शेतातल्या आखाड्यावर पीकसंरक्षणाची बारा बोअर तशीच राहते, असं झालेलं मी पाहिलंय.

परवाना सासऱ्याच्या नावावर आणि वापर नवऱ्याचा, हे आपल्याकडे फार. मग अर्ज सासऱ्याच्या परवान्यावर करायचा. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र जाऊ दिलं, ते सुरक्षित ठेवलं नाही, म्हणजे अटींचा भंग झाला, हे त्याचं कारण.

नवरा पोलीस किंवा राखीव दलात असेल आणि हत्यार सरकारी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्याचा प्रश्नच नाही. त्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा समादेशकांना लेखी कळवायचं, की ड्यूटी संपल्यावर हत्यार शस्त्रागारात जमा व्हावं. नवरा माजी सैनिक आणि सध्या बँकेचा किंवा एटीएमच्या गाडीचा गार्ड असेल, तर बंदूक बहुधा त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची असते. तिला नेहमीचाच रस्ता.

आणि गावठी कट्टा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं कारणच नाही. तो शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ आणि २५ खालचा थेट गुन्हा आहे, माहिती पोलिसांना द्यायची. कट्टा कुठे ठेवतो हे माहीत असेल तर तेवढंच सांगा, शोधायला जाऊ नका.

परवान्याचा नंबर मिळतच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून बघता येईल, पण 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. त्यात वेळ घालवू नका. त्याचं पूर्ण नाव, वडलांचं नाव, गाव आणि ठाणे लिहून 'परवान्याचा तपशील कार्यालयीन नोंदीतून घ्यावा' अशी विनंती करा. नोंद त्यांच्याकडेच आहे.

तपासा: परवाना देणारं कार्यालय कोणतं? मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर शहरापुरते पोलीस आयुक्त, बाकी सगळीकडे जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी. पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूर इथल्या लोकांनी आयुक्तालयात खेटे घालू नयेत, त्यांची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात असते.

## टप्पा ३: पुरावा, पण थोडा आणि नेमका

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला बंदूक घेतलेला फोटो ठेवायची हौस फार जणांना असते. तो स्टेटस चोवीस तासांत जातो. स्क्रीनशॉट घ्याच, शिवाय नंबर आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. फोनवरच्या धमकीचं रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये झालं, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करतात. मूळ फोन गेला तर तेही अडतं.

लग्नात, वरातीत, उरुसात हवेत गोळीबार केल्याचा व्हिडिओ असेल तर तो सोन्यासारखा जपा. आनंदाच्या भरात जीव धोक्यात घालणारा गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे (शस्त्र अधिनियमाचं कलम २५ (९), दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही). घरातल्या धमकीला 'नवराबायकोचं भांडण' म्हणणाऱ्यांना या व्हिडिओपुढे तसं म्हणता येत नाही.

मग एका वहीत तारखा. प्रत्येक प्रसंगाला चारच गोष्टी: कधी, कुठे, कोणासमोर, काय केलं आणि काय बोलला. शेजारीण साक्ष द्यायला घाबरत असेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका. पोलीस पाटलांना प्रसंग सांगितला असेल तर तारखेसह तेही लिहा.

## टप्पा ४: पोलीस ठाणे

इथे सगळ्यांत जास्त गाड्या अडतात, आणि अडतात त्या 'एनसी'वर. नुसती जिवे मारण्याची धमकी सांगितली की ठाण्यात अदखलपात्र नोंद (हीच 'एनसी', कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस हिचा तपास करत नाहीत) करून कागद हातात देतात आणि म्हणतात, 'कोर्टात जा.' बाई समजते गुन्हा दाखल झाला. तसं नसतं.

म्हणून प्रसंग अर्धा सांगू नका. मारहाण, हुंड्याची मागणी, छळ झाला असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये येतो, आणि फिर्याद तुम्ही स्वतः किंवा तुमच्या नातेवाइकाने दिली तर तो दखलपात्र आहे. घटस्फोटानंतर मागे मागे फिरणं, नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा संपर्क करणं हे कलम ७८. बंदूक दाखवून धमकावलं असेल तर 'बंदूक' हा शब्द, तिचा प्रकार, कोणत्या हातात होती, रोखली की नुसती दाखवली, हे फिर्यादीत आलं पाहिजे. अंमलदार 'हत्याराचा धाक दाखवला' असं मोघम टाइप करतात. सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या, चूक असेल तर बदलायला लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे.

ठाण्याने घेतलंच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा. पोचपावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एनसीच मिळाली तरी ती फाडून टाकू नका. टप्पा ७ मध्ये तिचाच उपयोग होतो.

## टप्पा ५: संरक्षण अधिकारी आणि कोर्ट

महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी तुमचा 'घरगुती घटना अहवाल' (नमुना १) भरतात. तिथे पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर ते बेकायदा आहे. अहवाल भरताना शस्त्राबद्दल स्वतःहून बोला. समोरचे विचारतीलच असं नाही, अंगावरच्या जखमांबद्दल विचारतात आणि पुढे जातात. सुरक्षा योजनेचा नमुना ५ हाही तिथेच भरून घ्या.

घटस्फोट झालाय म्हणून हा कायदा लागू नाही, असं सांगून परत पाठवलेल्या बायका मला भेटतात. कायद्यातली व्याख्या 'एकत्र राहतात किंवा कधीतरी राहिले होते' अशी आहे. संसारात झालेल्या हिंसेची जबाबदारी नंतरच्या घटस्फोटाने पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जुवेरिया पटणी प्रकरणात स्पष्ट केलंय. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे.

आता खरी मेख. कोर्टातल्या अर्जात (कलम १२, नमुना २) वकील सवयीने पोटगी, निवास आणि 'हिंसाचार करू नये' एवढं मागतात. बंदुकीसाठी चार मागण्या वेगळ्या लिहायला सांगा:

1. कलम १८ खाली: गैरअर्जदाराने कोणतंही शस्त्र बाळगू नये, सोबत नेऊ नये, अर्जदाराचं राहतं घर, कामाची जागा आणि मुलांची शाळा इथे शस्त्रासह वा शस्त्राविना येऊ नये. या कलमात 'आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य' मना करण्याचा अधिकार आहे, शस्त्राची मनाई त्यात बसते.

2. कलम १९ (३) खाली: पुन्हा हिंसाचार करणार नाही असं बंधपत्र, जामीनदारासह. याच कलमाच्या पोटकलम ४ मध्ये लिहिलंय की हा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या प्रकरण ८ खालचा आदेश मानला जाईल. आणि शस्त्र अधिनियमाचं कलम ९ म्हणतं, की त्या प्रकरणाखाली शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तनाचं बंधपत्र द्यायचा आदेश झालेल्या माणसाला बंधपत्राच्या मुदतीत बंदूक बाळगता येत नाही. दोन कायद्यांतली ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की जिल्हाधिकाऱ्यांपुढचं काम निम्मं होतं. फार थोड्या अर्जांत ही मागणी असते, आणि मला त्याचं दर वेळी नवल वाटतं.

3. २००६ च्या नियमांतल्या नियम १० खाली: हिंसाचारात वापरलेलं शस्त्र पोलिसांच्या मदतीने ताब्यात घ्यावं, असा संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी आदेश. कोर्टाने लेखी सांगितल्याशिवाय ते हे करू शकत नाहीत. म्हणून मागायचं.

4. कलम १९ (५) आणि (७) खाली: ठाणे अंमलदारांनी संरक्षण द्यावं आणि अंमलबजावणीला मदत करावी.

सोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज, नमुना ३ च्या प्रतिज्ञापत्रासह. त्यावर कोर्ट समोरच्याचं न ऐकताही आदेश देऊ शकतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. साठ दिवसांत निकाल लागलेला मी क्वचितच पाहिलाय, म्हणूनच अंतरिम अर्ज सोडायचा नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

तपासा: आदेशाची प्रत ठाण्यात पोचली का? कलम २४ प्रमाणे कोर्टाने ती मोफत पाठवायची असते. तरी स्वतः एक प्रत नेऊन आवक क्रमांक घ्या. संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे (एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही), पण ठाण्यात प्रतच नसेल तर रात्री अकराला कोणाला काय दाखवणार?

## टप्पा ६: जिल्हाधिकारी कार्यालयातला अर्ज

कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसू नका. टप्पा ५ चा अर्ज दाखल झाला की त्याच आठवड्यात हा द्या. कार्यालयात शस्त्रपरवान्याचं टेबल कुठे हे चौकशी खिडकीवर विचारा, पण अर्ज टेबलावर न देता आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घ्या. 'साहेबांना दाखवतो, ठेवून जा' या वाक्यावर विश्वास ठेवून एका बाईने आठ महिने घालवले. अर्ज कुठल्याही रजिस्टरला नव्हता.

विषय असा लिहा:

*"श्री. ____, रा. ____, यांचा शस्त्रपरवाना क्र. ____ शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ (३) अन्वये निलंबित व रद्द करणे, आणि कलम २२ अन्वये परवान्यावरील सर्व शस्त्रे व काडतुसे तात्काळ ताब्यात घेणेबाबत."*

या दोन कलमांतला फरक समजून घ्या. कलम १७ (३) परवान्यावर चालतं: धारक अपात्र ठरला, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी गरज आहे, माहिती लपवून परवाना घेतला, अटी मोडल्या, अशा कारणांनी तो निलंबित किंवा रद्द होतो. कलम २२ हत्यारावर चालतं: माणसाकडे शस्त्र राहू दिलं तर शांततेला किंवा सुरक्षिततेला धोका आहे, असं जिल्हादंडाधिकाऱ्यांना वाटलं तर कारणं नोंदवून झडती घेता येते आणि शस्त्र जप्त करून ठेवता येतं. *परवाना वैध असला तरीही.* परवाना दुसऱ्या जिल्ह्यातून काढलेला असेल आणि माणूस इथे राहत असेल, तरी कलम २२ इथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्याच हातात आहे. लोक फक्त १७ मागतात. मग नोटीस निघते, तो मुदत मागतो, आणि तोवर बंदूक घरातच. २२ मागा, आणि नोटीस बजावण्याच्या आधी किंवा त्याच वेळी शस्त्र ताब्यात घ्यावं असं स्पष्ट लिहा.

आता मजकूर. असा अर्ज वाया जातो:

*"माझे पती मला फार त्रास देतात व त्यांच्याकडे बंदूक आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती."*

असा चालतो:

*"दि. ____ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, घराच्या ओसरीत, माझी सासू व शेजारी ____ यांच्यासमोर, गैरअर्जदाराने परवान्यावरील बारा बोअर बंदूक कपाटातून काढून माझ्यावर रोखली व 'कोर्टाची पायरी चढलीस तर परत येणार नाहीस' असे म्हटले. दोन्ही मुले घरात होती. दि. ____ रोजी गैरअर्जदार तीच बंदूक जीपमध्ये घेऊन माझ्या माहेरच्या गावी बसस्टँडवर आला व ग्रामस्थांसमोर धमकावले. बंदूक घरात कुलपाविना ठेवली जाते."*

दुसरा प्रसंग मुद्दाम घातलाय. 'हा घरगुती वाद आहे, यात सार्वजनिक सुरक्षितता कुठे?' असं परवानाधारक हमखास म्हणतो. बसस्टँड, शाळेचं फाटक, भावकीसमोरची धमकी, वरातीतला गोळीबार, असा चारचौघांतला एक प्रसंग तरी लिहा. मात्र नसलेला रचू नका. पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही पातळ होतं. चारचौघांतलं काहीच घडलेलं नसेल तर अटींचा भंग आणि बंधपत्र या दोन मुद्द्यांवर भर द्या.

आणखी एक. 'त्याच्यावर गुन्हा दाखल आहे' एवढ्यावर थांबू नका. केवळ गुन्हा प्रलंबित म्हणून रद्द केलेले परवाने उच्च न्यायालयांनी परत दिल्याची उदाहरणं आहेत. त्या शस्त्राने काय झालं आणि पुढे काय होऊ शकतं, हे आदेशात यायचं असेल तर आधी अर्जात यायला हवं.

'परवाना एकदा दिला की कोण काढतंय' असं म्हणणाऱ्यांना बीडची आठवण द्या. तिथे २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. अधिकार तेव्हाही हेच होते, आजही तेच आहेत.

जोडायचं: एफआयआर किंवा एनसीची प्रत, घटना अहवाल, कोर्टात दाखल अर्जाची प्रत, अंतरिम आदेश झाला असेल तर तो, दवाखान्याचे कागद, फोटो. प्रत पोलीस अधीक्षकांना. तुमचा सध्याचा पत्ता अर्जात उघड करायचा नसेल तर वकिलाचा पत्ता पत्रव्यवहारासाठी द्या.

## टप्पा ७: चॅप्टर केस

ठाण्याने तहसीलदारांकडे (संभाजीनगर शहरात सहायक पोलीस आयुक्तांकडे) नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली प्रस्ताव पाठवायचा, आणि त्यातून एक वर्षापर्यंतचं शांततेचं बंधपत्र घेतलं जातं. जुन्या संहितेच्या प्रकरण ८ मधलीच ही तरतूद, म्हणून नाव 'चॅप्टर केस'. एनसी इथे कामाला येते. लोक याला फालतू समजतात, 'सही करून सुटतात' म्हणतात. पण बंधपत्राचा आदेश झाला की शस्त्र अधिनियमाचं कलम ९ लागू होतं, मघाशी सांगितलं तेच. तहसीलदारांच्या आदेशाची नक्कल काढा आणि टप्पा ६ च्या फाइलला पुरवणी अर्जाने जोडा. तहसील कार्यालयातून ती आपोआप वर जाईल या भरवशावर राहू नका.

सावधान: कधी कधी ठाणेवाले 'दोन्ही पार्टींवर' चॅप्टर करतात. तुमच्या नावाची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका. तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या.

## टप्पा ८: बंदूक खरंच जमा झाली का

परवाना निलंबित किंवा रद्द झाला की धारकाने परवान्याचं पुस्तक परत करायचं असतं आणि कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. आदेश निघाला म्हणजे ते झालं असं नाही. ठाण्यात आदेशाची प्रत दाखवून लेखी विचारा:

- परवान्यावरची *सगळी* शस्त्रं जमा आहेत का, नंबर जुळतात का
- काडतुसं जमा झाली का
- पुस्तक जमा आहे का
- विक्रेत्याकडे ठेवलं असेल तर त्याची पावती ठाण्यात आहे का

आदेशानंतरही त्याने शस्त्र ठेवलं तर तो विनापरवाना ठेवणारा झाला. दोन ते पाच वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा. ठाण्यात हे वाक्य शांतपणे म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा पावती मिळते.

## टप्पा ९: बंदूक त्याला परत मिळण्याच्या चार वाटा

निवडणूक. आचारसंहितेत बऱ्याच जणांची शस्त्रं जमा करून घेतात. 'पोलिसांनी बंदूक नेली' म्हणून बाई निर्धास्त होते आणि सासरी परतते. निकाल लागून आठवडा झाला की ती बंदूक त्याच्या घरी असते. कोणत्या आदेशाने जमा झाली ते बघा. निवडणुकीचा असेल तर तो आपला आदेश नव्हे.

अपील. त्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली तीस दिवसांत अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे जातं. तिथे तुम्हाला कोणी बोलावणार नाही. आपलंही ऐकावं असा अर्ज आपणच द्यायचा. तुमचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांनी फेटाळला तर हे कलम तुमच्या उपयोगाचं नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना परवाना रद्द करायचा अधिकार कलम १७ (६) मध्ये आहे, त्याचा हवाला देऊन आयुक्तांकडे जा, नाहीतर विधी सेवेमार्फत उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात.

निलंबनाची मुदत आणि नूतनीकरण. निलंबन सहा महिन्यांचं असेल तर पाचव्या महिन्यात मुदतवाढीचा अर्ज. बंधपत्र एक वर्षाचं असेल तर अकराव्या महिन्यात. परवाना संपायची तारीख माहीत असेल तर त्याआधी दोन-तीन महिने ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी हरकत द्या, कारण नूतनीकरणाला पोलिसांचा अहवाल मागवतात आणि अहवाल लिहिणारा अंमलदार तोवर बदलून गेलेला असतो.

तडजोड. लोकअदालतीत किंवा भावकीच्या बैठकीत लिहिलेल्या कागदात 'दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्धच्या सर्व तक्रारी मागे घेतील' हे वाक्य असतंच. त्या 'सर्व'मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयातला तुमचा अर्जही येतो. महिन्याभराने तो तोच कागद जोडून बंदूक परत मागतो. तडजोड करायची की नाही हा तुमचा निर्णय. करायची असेल तर त्या वाक्यापुढे 'शस्त्रपरवान्याबाबतचा अर्ज वगळून' एवढे शब्द हाताने लिहायला लावा आणि त्यांच्याशेजारी त्याचीही सही घ्या.